तुकड्यांतून जोडलेली नावं

जुन्या पीएचपी साइट्स नव्या आवृत्तीवर नेऊन देणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यात बसून करतो, पण गिऱ्हाईक कुठलंही असतं: ऑनलाइन मसाले विकणारं दुकान, एखादी शिक्षणसंस्था, एखादं प्रकाशन. साइट वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेली असते. करणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. २८ नोव्हेंबर २०२२ला पीएचपी ७.४ची मुदत संपली, तेव्हापासून असे गठ्ठे माझ्याकडे जास्तच येऊ लागले. गठ्ठा उघडला की मी आधी डेटाबेस बघत नाही. ‘कॉन्स्टंट’ या नावाचं फंक्शन कुठेकुठे वापरलंय, ते शोधतो. किती दिवसांचं काम आहे, याचा अंदाज तिथेच येतो.

कॉन्स्टंट म्हणजे एकदा किंमत दिली की न बदलणारं नाव. ते सरळ लिहिलं आणि किंमत मिळाली, हा राजमार्ग. पण जुन्या कोडमध्ये नाव बरेचदा सरळ लिहिलेलं नसतं. ‘मॉड्यूल_पेमेंट_’ हा एक तुकडा, गिऱ्हाइकाने निवडलेला पैसे भरायचा प्रकार हा दुसरा, ‘_स्टेटस’ हा तिसरा. प्रोग्राम चालू असताना तिन्ही जोडायचे आणि तयार झालेल्या नावाची किंमत मागायची. असं नाव मी ग्रेपने, म्हणजे फाइलींतला मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामने, शोधायला गेलो तर सापडत नाही, कारण ते अख्खं असं कुठेही लिहिलेलंच नाही. सातबाऱ्यावर नोंद नाही, पण जमीन वर्षानुवर्षं कसली जाते आहे, असा प्रकार. वापर नाही असं समजून कोणी ती कॉन्स्टंटची ओळ काढून टाकली की महिन्याभराने फोन येतो.

ही चाल रुजली कशी, ते समजायला पीएचपीच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात शिकलेला रासमस लेरडॉर्फ याने १९९४मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि ८ जून १९९५ला ते यूजनेटवर सर्वांसाठी जाहीर केले. त्याच्या हाताला सीची सवय होती. सीमध्ये नावाला किंमत द्यायला ‘डिफाइन’ असतं, पण ते प्रोग्राम तयार होण्याआधीच आपलं काम उरकतं. प्रीप्रोसेसर प्रत्येक नावाच्या जागी किंमत घालतो आणि नाव पुसून टाकतो. तयार प्रोग्राममध्ये नावाचा मागमूस राहत नाही. म्हणून चालत्या प्रोग्राममध्ये ‘अमुक नावाच्या डिफाइनची किंमत दे’ असं सीवाला म्हणूच शकत नाही. फार तर नावं आणि किमती यांचा तक्ता हाताने मांडून ठेवतो.

अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या इस्राएलमधल्या दोघांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला, आणि जून १९९८मध्ये पीएचपी ३ आली. तिच्यात ‘डिफाइन’ होतं. नाव सीचं, स्वभाव मात्र अगदी वेगळा. पीएचपीतलं डिफाइन हे एक फंक्शन आहे. प्रोग्राम चालता चालता त्या ओळीवर आला की ते चालतं आणि नाव-किंमत ही जोडी एका तक्त्यात टाकतं. नाव त्याला अवतरणचिन्हांत, म्हणजे साध्या स्ट्रिंगच्या रूपात द्यावं लागतं. आणि स्ट्रिंग म्हटली की ती जोडता आली, डेटाबेसमधून वाचता आली, लूपमध्ये फिरवता आली. कॉन्स्टंट जन्माला घालायला नाव तुकड्यांनी जुळवायची मोकळीक अशी पहिल्यापासूनच होती.

वाचायची बाजू मात्र बंद होती. व्हेरिएबलसाठी दोन डॉलरची सोय होती: एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्याचं नाव ठेवायचं आणि त्यातून आरपार जायचं. फंक्शनचं नावही व्हेरिएबलमधून देता येई. कॉन्स्टंटसाठी असं काही नव्हतं. जुळवलेल्या नावाची किंमत हवी असेल तर ‘इव्हॅल’ वापरायचं, म्हणजे स्ट्रिंगमध्ये छोटासा प्रोग्राम लिहून तो तिथल्या तिथे चालवायचा. एक किंमत वाचण्यासाठी अख्खी भाषा हाताशी धरायची, आणि त्या स्ट्रिंगमध्ये बाहेरचा मजकूर शिरला तर तोही प्रोग्राम म्हणून चालायचा. पीएचपी ४ मे २००० मध्ये आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या ४.०.४ मध्ये ‘कॉन्स्टंट’ हे फंक्शन दाखल झालं. स्ट्रिंग द्या, किंमत घ्या. नावांचा पूर्ण तक्ता हाती देणारं ‘गेट_डिफाइन्ड_कॉन्स्टंट्स’ त्यानंतरच्या ४.१ मध्ये आलं.

मी पीएचपी शिकलो ते साधारण याच सुमारास. अप्पा बळवंत चौकात या विषयाची पुस्तकं मिळत, पण ती महाग आणि बहुतेक एक आवृत्ती मागे असत. आमचा खरा आधार म्हणजे पीएचपीचं मॅन्युअल, एका सीएचएम फाइलमध्ये बांधलेलं, सीडीवर घालून एकमेकांना दिलेलं. त्या काळी आमच्याकडे येणारं ठरावीक काम म्हणजे दोन भाषांची साइट. एकाच पानावरची लेबलं मराठीत आणि इंग्रजीत. ‘गेटटेक्स्ट’ नावाची रीतसर सोय होती, पण स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ती चालू असेलच असं नसे. मग प्रत्येक लेबलासाठी दोन कॉन्स्टंट करायचे, एकाच्या शेवटी ‘_एमआर’, दुसऱ्याच्या शेवटी ‘_ईएन’, आणि वाचताना चालू भाषेचा तुकडा मागे जोडायचा. तीन ओळींचं फंक्शन, आणि साइट दोन भाषांत बोलू लागे.

किमतीत काय भरलंय याच्याशी पीएचपीला देणंघेणं नव्हतं, कारण तिच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे फक्त बाइट्सची रांग. त्यामुळे जुन्या मराठी फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांतली लेबलं त्याच डिफाइनमध्ये बसत आणि पुढे युनिकोड आल्यावर युनिकोडमधलीही बसली. नावाचा नियमही तितकाच सैल होता. इंग्रजी अक्षरं, अंडरस्कोअर आणि त्यापलीकडचा १२८ ते २५५ मधला कोणताही बाइट चालतो, म्हणून देवनागरीत लिहिलेलं कॉन्स्टंटचं नावही पीएचपी मुकाट स्वीकारते. वापरताना फारसं कोणी दिसत नाही, एवढंच.

ही चाल जगभर पोचवली ती तयार दुकानांच्या सॉफ्टवेअरने. मार्च २०००मध्ये जर्मनीत सुरू झालेलं ओएसकॉमर्स हे त्यातलं मोठं नाव. त्याची रचना अशी: दुकानाच्या सगळ्या सेटिंग्ज डेटाबेसच्या एका टेबलात. पान उघडलं की लूप लावून प्रत्येक ओळीचं डिफाइन करायचं, एका रकान्यातून नाव, दुसऱ्यातून किंमत. लेबलांच्या भाषेच्या फाइली म्हणजेही नुसती डिफाइनची रांग. पैसे भरायच्या मॉड्यूलची नावं ‘मॉड्यूल_पेमेंट_’ने सुरू होणार, पाठवणीच्या मॉड्यूलची ‘मॉड्यूल_शिपिंग_’ने, आणि शेवटी ‘_स्टेटस’ किंवा ‘_सॉर्ट_ऑर्डर’. २००३मध्ये त्यातून फुटून निघालेल्या झेन कार्टनेही हीच रीत पुढे नेली. अशा दुकानात एखाद्या कॉन्स्टंटचा जन्म कोणत्या फाइलीत झाला, या प्रश्नाला उत्तरच नसतं. तो डेटाबेसात झालेला असतो.

आता यातली गंमत बघा. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चं मॉड्यूल बसवलेलं नाही, म्हणजे त्याच्या सेटिंगची ओळ डेटाबेसात नाही, म्हणजे तो कॉन्स्टंट जन्मलाच नाही. तरी मॉड्यूलच्या फाइलीत थेट लिहिलेलं असायचं: स्टेटसचा कॉन्स्टंट ‘ट्रू’ या शब्दाइतका आहे का? कोणत्याही शिस्तीच्या भाषेत इथे प्रोग्राम थांबायला हवा. जुनी पीएचपी थांबत नसे. अनोळखी कॉन्स्टंट दिसला की ती एक बारीकशी नोटीस नोंदवी आणि ‘तुम्हाला हीच स्ट्रिंग म्हणायची असेल’ असं धरून त्या नावाचीच स्ट्रिंग करी. ती स्ट्रिंग ‘ट्रू’ नसल्यामुळे उत्तर ‘नाही’, आणि मॉड्यूल बंद. उत्तर बरोबर यायचं, कारण मात्र चुकीचं. होस्टिंगवर नोटिसा बहुधा दाबून टाकलेल्या असत, त्यामुळे हे वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला आलं नाही.

तोच न जन्मलेला कॉन्स्टंट ‘कॉन्स्टंट’ फंक्शनने मागितला तर वेगळंच घडायचं: नोटिशीऐवजी वॉर्निंग, आणि हातात ‘नल’. सरळ लिहिलं तर नावाची स्ट्रिंग, जुळवून मागितलं तर काहीच नाही. एकाच चुकीची दोन फळं. ७.२ने सरळ वाटेवरच्या नोटिशीची वॉर्निंग केली, आणि २६ नोव्हेंबर २०२०ला आलेल्या पीएचपी ८ने दोन्ही वाटांवर एकच न्याय लावला: नाव नसेल तर एरर फेकायची आणि थांबायचं. माझ्याकडे येणारी जुनी दुकानं आठव्या आवृत्तीवर पहिल्याच पानावर कोसळतात त्यांतली बरीचशी याच कारणाने. उपाय सोपा पण कंटाळवाणा: प्रत्येक जागी नाव आहे का ते आधी ‘डिफाइन्ड’ने विचारायचं, मगच किंमत घ्यायची.

हीच चाल नीट कशी खेळावी, याचा नमुना वर्डप्रेसमध्ये आहे. लॉगिनच्या कुकीवर सही करायला साइटच्या कॉन्फिग फाइलीत गुप्त शब्द ठेवतात. मार्च २००८च्या २.५ आवृत्तीत असा एकच कॉन्स्टंट होता, ‘सिक्रेट_की’. त्याच वर्षी २.६ मध्ये त्याच्या जागी तीन आले, २.७ मध्ये ‘नॉन्स_की’ आली, आणि २०१०च्या ३.० पासून कॉन्फिगच्या नमुना फाइलीत चार ‘की’ आणि चार ‘सॉल्ट’ अशी आठ नावं दिसू लागली. ती वाचणाऱ्या ‘डब्ल्यूपी_सॉल्ट’ या फंक्शनमध्ये दोन लूप एकात एक आहेत. बाहेरच्यात ऑथ, सिक्युअर_ऑथ, लॉग्ड_इन, नॉन्स आणि जुन्या काळाचा वारसा म्हणून सिक्रेट. आतल्यात की आणि सॉल्ट. पाच दुणे दहा नावं जुळतात. प्रत्येकाबद्दल आधी ‘डिफाइन्ड’ विचारलं जातं, मग ‘कॉन्स्टंट’ने किंमत घेतली जाते. एकच किंमत दोन ठिकाणी दिसली, किंवा ‘पुट युअर युनिक फ्रेज हिअर’ हा नमुन्यातला मजकूर तसाच राहिला असेल, तर ती नालायक ठरवून त्याऐवजी डेटाबेसात ठेवलेला गुप्त शब्द वापरला जातो. साइट टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो मजकूर बदलत नाहीत, हे ज्याने ओळखलं तो माणूस खरा अनुभवी.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट कोडमध्ये नाही, कोडच्या वरच्या कॉमेंटमध्ये आहे. तिथे उदाहरण म्हणून आठही डिफाइन पूर्ण नावांनिशी लिहून ठेवली आहेत. त्यामुळे कोणी ‘लॉग्ड_इन_सॉल्ट’ शोधायला निघाला तर ग्रेप त्याला नेमक्या फंक्शनच्या दारात आणून सोडतो. मनात हेतू कोणता होता ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, पण मी ही रीत उचलली. माझ्या हाताखालच्या मुलांना एकच नियम सांगतो: नाव जुळवायचं असेल तर त्या ओळीच्या वर, जुळू शकणारी सगळी नावं अख्खी लिहा. दहा असोत वा तीस. परवा एकाने विचारलं, “सर, हे मशीन तर वाचत नाही, मग कशाला?” म्हटलं, पुढच्या वेळी ते तूच वाचणार आहेस.

१३ जुलै २००४ला पीएचपी ५ आली आणि कॉन्स्टंट क्लासच्या घरात राहायला गेले. इथे आधीचं चित्र उलटं झालं. क्लासमधला कॉन्स्टंट स्ट्रिंगमधून जन्माला घालता येत नाही; तो मूळ कोडमध्ये अक्षरशः लिहावाच लागतो. वाचताना मात्र तेच जुनं फंक्शन: क्लासचं नाव, डबल कोलन आणि कॉन्स्टंटचं नाव एका स्ट्रिंगमध्ये गुंफून द्यायचं. डॉक्ट्रिन २ या डेटाबेस लायब्ररीत हे उघड दिसतं. प्रोग्रामर टिपणात ‘ऑटो’ किंवा ‘सीक्वेन्स’ असा शब्द लिहितो, लायब्ररी त्याच्या आधी क्लासचं लांबलचक नाव आणि ‘जनरेटर_टाइप_’ हा तुकडा लावून किंमत काढते. माणसाने छोटा शब्द लिहावा, आकडा यंत्राने काढावा, ही तडजोड मला वाजवी वाटते. फक्त एक अडचण: २००९च्या ५.३मध्ये नेमस्पेस आल्यावर स्ट्रिंगमध्ये पूर्ण, लांब नाव द्यावं लागू लागलं. फाइलीच्या माथ्यावर ‘यूज’ने ठरवलेली आखूड नावं स्ट्रिंगला माहीत नसतात.

कधी प्रवास उलट्या दिशेनेही करावा लागे: आकडा हातात, नाव हवं. त्याच ५.३ने जेसन वाचताना झालेली चूक आकड्यात सांगायची सोय दिली, पण तिचा अर्थ सांगणारं फंक्शन २०१३च्या ५.५पर्यंत नव्हतं. मधल्या काळात सगळ्या कॉन्स्टंटचा तक्ता मागवायचा, ‘जेसन_एरर_’ने सुरू होणारी नावं वेचायची आणि आकडा जुळवायचा, असा तोडगा खुद्द मॅन्युअलमधल्या उदाहरणात होता.

तुकडे जुळवताना आणखी एक खड्डा असे, लहान-मोठ्या अक्षरांचा. आपल्या लिपीत ती भानगड नाही, म्हणून आपल्या ते चटकन लक्षात येत नाही. कॉन्स्टंटची नावं मोठ्या अक्षरांत लिहायचा रिवाज, म्हणून बाहेरून आलेला तुकडा ‘स्ट्रटूअपर’ने मोठा करून जोडायचा. पण हे फंक्शन सर्व्हरवर ठरवलेल्या भाषेप्रमाणे वागायचं. तुर्की भाषेत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे तुर्की सेटिंगवर इंग्रजी आय मोठा-लहान करताना घोळ होई. क्लासची नावंही इंजिन लहान अक्षरांत करून तक्त्यात ठेवत असल्याने तीही सापडेनाशी होत. ही तक्रार २००२ साली नोंदली गेली आणि २०१३मध्ये ५.५ने मिटवली. ‘स्ट्रटूअपर’ला मात्र स्थानिक भाषेपासून सुटका मिळाली ती डिसेंबर २०२२च्या ८.२मध्ये.

सर्वांत घातक वापर कोणता, तर आधीचा-नंतरचा तुकडा न लावता, पत्त्याच्या ओळीतून आलेला शब्द थेट ‘कॉन्स्टंट’ला देणं. वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल डेटाबेसचा पासवर्डही डिफाइननेच ठेवते. ज्या साइटवर ‘की=’च्या पुढे काहीही लिहिलं की त्या नावाची किंमत पानावर उमटते, तिथे चोराला कुलूप तोडायची गरजच नाही. आधी ‘लेबल_’ असा ठरलेला तुकडा लावला तरी धोका बराच आटतो. चालणाऱ्या नावांची यादी करून तिच्याबाहेरचं नाकारलं तर उरतच नाही.

गेल्या काही वर्षांत भाषेने या चालीला हळूहळू व्याकरणात घेतलं. नोव्हेंबर २०२१च्या ८.१मध्ये एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांचे संच, आले. लॅरी गारफिल्ड आणि इलिया टोविलो यांचा तो प्रस्ताव. डेटाबेसात साठवलेल्या किमतीवरून एनमचा नेमका पर्याय मिळतो आणि नसलेली किंमत आली तर ‘फ्रॉम’ एरर देतं, ‘ट्रायफ्रॉम’ नल देतं. नाव जुळवायची गरजच अर्ध्याहून जास्त ठिकाणी संपली. मग २३ नोव्हेंबर २०२३ला ८.३ आली. टोविलोच्याच प्रस्तावातून तिच्यात डबल कोलननंतर महिरपी कंसात व्हेरिएबल लिहून क्लासचा कॉन्स्टंट थेट घेता येऊ लागला. व्हेरिएबल, प्रॉपर्टी, मेथड या सगळ्यांना जुळवलेल्या नावाने हाक मारता येत होती, क्लासचा कॉन्स्टंट तेवढा बाहेर राहिला होता. त्याला पंगतीत बसायला एकोणीस वर्षं लागली.

म्हणून काही ‘कॉन्स्टंट’ फंक्शन निवृत्त झालेलं नाही, आणि मी ते सरसकट खोडतही नाही. पर्याय ठरलेले असतील तर एनम करतो. क्लास माहीत आणि नाव तेवढं बदलतं असेल तर ८.३ची नवी मांडणी. नाव खरोखरच बाहेरून, कॉन्फिगमधून किंवा टेबलातून येत असेल तर जुनं फंक्शन ठेवतो, आधी ‘डिफाइन्ड’ आणि वर पूर्ण नावांची यादी लावून. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही आणि बिलात हा खर्च कुठे धरायचा हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही, म्हणून ‘शोध व साफसफाई’ अशी ओळ टाकतो. तुकडे जुळवून नाव करणारा वीस वर्षांपूर्वी अर्धा तास वाचवून गेला होता. ती ओळ त्या अर्ध्या तासाचं व्याज आहे.